विजेची मोटार आणि उपनगरातील कुटुंब

मोटार घेणे ही मध्यम स्थितीतील कुटुंबाच्या आयुष्यात घराच्या खालोखाल मोठी खरेदी होय. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या भागांत राहणाऱ्या गृहस्थावर हा प्रसंग दहाबारा वर्षांतून एकदा येतो; आणि त्या वेळी निवड चुकली, तर तिचे प्रायश्चित्त पुढे दरमहा हप्त्याच्या रूपाने भोगावे लागते. पूर्वी या निवडीत फारसे गूढ नव्हते. पेट्रोल की डिझेल, एवढाच प्रश्न असे. पुढे त्यात सीएनजीची भर पडली. आता त्यांच्या जोडीला आणखी दोन प्रकार येऊन उभे राहिले आहेत. एक, केवळ विजेवर चालणारी मोटार. आणि दुसरा, पेट्रोलचे इंजिन व विजेचे यंत्र या दोहोंच्या साह्याने चालणारी हायब्रिड, म्हणजे संमिश्र मोटार. यांतील कोणती स्वस्त व कोणती महाग, याविषयी घरोघर मतभेद ऐकू येतात. एक म्हणतो, विजेची गाडी जवळजवळ फुकट चालते. दुसरा म्हणतो, ती घेतानाच माणूस खंक होतो. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. पण मुंबईच्या उपनगरांपुरते बोलायचे, तर या वादाचा निकाल मोटारीच्या किमतीवर जितका अवलंबून आहे, तितकाच किंबहुना त्याहून अधिक, तो रात्री गाडी उभी करण्याच्या जागेवर अवलंबून आहे. हे कसे, ते पाहणे हाच या विवेचनाचा हेतू होय.

विजेवर चालणारे वाहन ही उपनगरांना नवलाची गोष्ट नाही. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला या मार्गावर भारतातील पहिली विजेची आगगाडी धावली, आणि १९२८ च्या जानेवारीत कुलाबा ते बोरिवली हा मार्ग विजेवर आला. उपनगरांची वस्ती वाढली ती या गाड्यांच्या आधारानेच. विजेची मोटार तर त्याहूनही जुनी आहे. इसवी सन १८९९ मध्ये जेनात्झी नावाच्या बेल्जियन गृहस्थाने ताशी १०० किलोमीटरचा वेग प्रथम गाठला, तो विजेच्या मोटारीतून. आणि त्यानंतर लवकरच फर्डिनंड पोर्शे याने पेट्रोल व वीज या दोहोंवर चालणारी गाडी तयार केली. त्या काळी अमेरिकेतील रस्त्यांवर वाफेच्या, विजेच्या व पेट्रोलच्या अशा तिन्ही जातींच्या मोटारी एकत्र नांदत होत्या. मग विजेची मोटार मागे का पडली? कारण साधे आहे. आगगाडीची वीज तिच्या डोक्यावरील तारेत असते. मोटारीला मात्र ती पोटात घेऊन हिंडावे लागते. त्या वेळच्या शिशाच्या बॅटऱ्या वजनाने जड आणि साठ्याने तोकड्या होत्या. पेट्रोल स्वस्त झाले. १९१२ पासून हातदांडा फिरविण्याचे कष्टही विजेच्या स्टार्टरने वाचविले. आणि हेन्री फोर्डच्या कारखान्याने पेट्रोलची मोटार सामान्य माणसाच्या आवाक्यात आणून ठेवली. विजेची मोटार त्यानंतर अनेक दशके अडगळीत पडली.

तिला पुन्हा जीवदान दिले ते लिथियमच्या बॅटरीने. ही बॅटरी १९९१ मध्ये प्रथम बाजारात आली, ती लहानसहान उपकरणांसाठी. मोटारीला पुरेल एवढी मोठी बॅटरी घेणे त्यानंतरही पुष्कळ वर्षे श्रीमंतांचेच काम होते. २०१० साली एक युनिट वीज साठविण्याच्या बॅटरीस १,००० डॉलरांहून अधिक खर्च येई. २०२४ मध्ये ही जागतिक सरासरी ११५ डॉलरांच्या आसपास उतरली. दुकानात विजेच्या मोटारी दिसू लागल्या त्या या घसरणीमुळे. आपल्या देशात बंगळूरची ‘रेवा’ ही चिमुकली गाडी २००१ मध्येच निघाली होती. परंतु कुटुंबाने प्रवासाला न्यावी अशा विजेच्या मोटारीचा खरा प्रसार सुरू झाला तो जानेवारी २०२० मध्ये टाटांची ‘नेक्सॉन ईव्ही’ सुमारे १४ लाखांना बाजारात आल्यावर. तरीही २०२४-२५ या वर्षात सबंध भारतात विकल्या गेलेल्या विजेच्या मोटारी एक लाखाहून थोड्याच अधिक, म्हणजे एकूण मोटारींच्या शेकडा अडीचच्या आसपास होत्या. नॉर्वे देशात त्याच सुमारास दर १०० नव्या मोटारींपैकी ८८ हून अधिक विजेच्या होत्या. नॉर्वेचे लोक विशेष पर्यावरणप्रेमी आहेत म्हणून हे घडले, असे समजण्याचे कारण नाही. तेथे पेट्रोलच्या मोटारीवर जबर कर आहे, धबधब्यांची वीज मुबलक आहे, आणि पुष्कळांना आपल्या दारातच गाडी वीज पिण्यास लावता येते. या शेवटच्या गोष्टीकडे पुढे वळावयाचे आहे.

प्रथम या यंत्रांतील भेद समजून घेणे जरूर आहे. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ९ युनिटे विजेइतकी शक्ती असते. पण इंजिन तिच्यातील जेमतेम पाव ते तिसरा हिस्सा चाकांपर्यंत पोहोचविते. बाकीची शक्ती उष्णतेच्या रूपाने वाया जाते. पश्चिम द्रुतगती महामार्गावर अगर लाल बहादुर शास्त्री मार्गावर संध्याकाळी गाडी हप्त्याहप्त्याने सरकू लागली, म्हणजे हा अपव्यय अधिकच वाढतो. कारण गाडी थांबली तरी इंजिन थांबत नाही. जाहिरातीत लिटरला १८ किलोमीटर सांगितलेली गाडी उपनगरात १२ वर येते, ती यामुळेच. विजेच्या यंत्राचे तसे नाही. ते घेतलेल्या शक्तीचा बहुतेक सर्व भाग चाकांना देते. गाडी उभी राहिली की तेही उभे राहते. आणि ब्रेक लावताना ते जनित्राचे काम करून काही वीज पुन्हा बॅटरीत भरते. म्हणून जी वाहतूक पेट्रोलच्या गाडीला मारक, तीच विजेच्या गाडीला सोसते.

हायब्रिड मोटार या दोहोंच्या मध्ये बसते. तिची बॅटरी लहान असते व ती बाहेरून भरावी लागत नाही. ब्रेक लावताना व इंजिन चालू असताना जी शक्ती शिल्लक राहते, ती या बॅटरीत साठते आणि गर्दीत सरकताना इंजिनाला विसावा देते. सर्व शक्ती शेवटी पेट्रोलमधूनच येते, पण तिचा विनियोग काटकसरीने होतो. येथे एक सावधगिरी बाळगावी. ‘माइल्ड हायब्रिड’ या नावाने विकल्या जाणाऱ्या गाड्यांत विजेचे यंत्र इंजिनाला किंचित हातभार लावते, एवढेच. त्यांच्याकडून मोठ्या बचतीची अपेक्षा करू नये. २०२२ मध्ये आलेल्या मारुतीच्या ग्रँड व्हिटारा, टोयोटाच्या हायरायडर व होंडाच्या सिटी या गाड्यांचे जे ‘स्ट्राँग हायब्रिड’ प्रकार आहेत, त्यांनाच खऱ्या अर्थाने संमिश्र म्हणता येईल.

आता किमतीकडे वळू. येथे सरकारी करांचा भाग फार मोठा आहे. विजेच्या मोटारीवरील जीएसटी १ ऑगस्ट २०१९ पासून शेकडा ५ आहे. हायब्रिड मोटारीला ही सवलत कधीच मिळाली नाही. अधिभार धरून तिच्यावर दीर्घकाळ शेकडा ४३ पर्यंत कर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून करांची नवी रचना अमलात आली. तीनुसार चार मीटरांच्या आतील व लहान इंजिनाच्या मोटारींवर शेकडा १८, आणि मोठ्या मोटारींवर शेकडा ४० कर बसतो. बाजारातील बहुतेक खऱ्या हायब्रिड गाड्या या दुसऱ्या वर्गात मोडतात. या बदलाचा एक परिणाम फारसा कोणाच्या ध्यानात आला नाही. पूर्वी लहान पेट्रोल गाडीवर शेकडा २९ च्या आसपास कर होता, तो १८ वर आला. विजेच्या गाडीचा कर मात्र आधीच ५ असल्याने तेथेच राहिला. म्हणजे लहान पेट्रोल गाडी स्वस्त झाली, आणि तिच्यात व विजेच्या गाडीत असलेले अंतर पुन्हा रुंदावले.

हे अंतर कमी करण्याचे काम महाराष्ट्रात राज्याचा मोटार वाहन कर करतो. अंधेरी, बोरिवली अथवा वडाळ्याच्या परिवहन कार्यालयात खासगी पेट्रोल मोटार नोंदविताना किमतीच्या शेकडा ११ ते १३, डिझेलला १३ ते १५, आणि सीएनजीला २०२५ मधील वाढ धरून ८ ते १० इतका कर भरावा लागतो. विजेच्या मोटारीला तो माफ आहे. २०२५ च्या अर्थसंकल्पात ३० लाखांवरील विजेच्या मोटारींवर शेकडा ६ कर सुचविण्यात आला होता; तोही त्याच महिन्यात मागे घेतला गेला. हिरव्या पाटीवरील पांढऱ्या अक्षरांची ती गाडी कार्यालयातून बाहेर पडते, ती लाख-सव्वा लाखाची बचत करूनच. विम्यातही तृतीय पक्षाच्या हप्त्यावर विजेच्या गाडीला शेकडा १५ व हायब्रिडला साडेसात सूट आहे. २०२५ च्या राज्य धोरणाने मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग व अटल सेतू येथील पथकरातून विजेच्या मोटारींना माफी जाहीर केली, आणि अटल सेतूवर ती २२ ऑगस्ट २०२५ पासून अमलात आली. मुलुंड, दहिसर इत्यादी मुंबईच्या वेशीवरील नाक्यांचा मात्र यात हिशेब धरू नये; तेथे १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून सर्वच हलक्या मोटारींना माफी मिळालेली आहे.

काही सवलती मात्र संपल्या आहेत, व जुनी माहिती घेऊन दुकानात जाणाऱ्याची तेथे निराशा होते. २०२१ च्या राज्य धोरणात पहिल्या १०,००० विजेच्या मोटारींना दीड लाखापर्यंत अनुदान होते. लवकर घेणाऱ्यास त्यावर आणखी एक लाख मिळत. ते धोरण आता संपले आहे. कर्जाच्या व्याजावर आयकरात मिळणारी दीड लाखापर्यंतची वजावट ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांपुरतीच होती. आणि २०२४ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या ‘पीएम ई-ड्राइव्ह’ योजनेत खासगी मोटारींना स्थान दिलेले नाही.

एवढी सामग्री हाताशी आल्यावर एक नमुन्याचा हिशेब मांडता येतो. त्यातील गाड्यांच्या किमती व विजेचे दर उदाहरणादाखल घेतले आहेत. प्रत्येकाने आपापले आकडे घालून तो पुन्हा करावा. २०२५ मध्ये मुंबईत पेट्रोलचा दर लिटरला १०३ रुपयांच्या वर, आणि सीएनजीचा किलोला ८० च्या आसपास होता. उपनगरी गर्दीत पेट्रोलची गाडी लिटरला १२, हायब्रिड २०, व सीएनजीची गाडी किलोला २० किलोमीटर जाते असे धरू. विजेची गाडी १०० किलोमीटरला मीटरवरची १६ युनिटे घेते असे मानू. घरच्या विजेचा दर, वापर वरच्या टप्प्यात जातो हे जमेस धरून, ११ रुपये, आणि सार्वजनिक केंद्रावरील वेगवान चार्जिंगचा २२ रुपये घेऊ. मग १०० किलोमीटरचा खर्च असा पडतो : पेट्रोल सुमारे ८६० रुपये, हायब्रिड ५२०, सीएनजी ४००, घरी भरलेली विजेची गाडी १७५, आणि बाहेर भरलेली विजेची गाडी ३५०.

या शेवटच्या दोन आकड्यांत सगळे मर्म आहे. एकच गाडी, एकच रस्ता. पण घरी वीज घेतली तर खर्च १७५, आणि बाहेर घेतली तर त्याच्या दुप्पट, म्हणजे जवळजवळ सीएनजीइतका.

आता समजा, पेट्रोलची गाडी १० लाखांची आहे. शेकडा ११ कर धरून ती ११ लाख १० हजारांना पडली. तशाच आकाराची विजेची गाडी १४ लाखांची. तिला कर नाही. अंतर २ लाख ९० हजारांचे झाले. वर्षाला १०,००० किलोमीटर चालणाऱ्या घरी, घरच्या विजेवर, दरसाल सुमारे ६८,००० रुपये वाचतात. म्हणजे सव्वाचार वर्षांत अंतर भरून निघते, आणि कर्जाचे व्याज धरले तर आणखी वर्षदीड वर्ष लागते. बाहेर चार्जिंग करणाऱ्यास हीच मुदत व्याजाविना पावणेसहा वर्षांवर जाते. सीएनजीशी तुलना केली, तर चित्र आणखी पालटते. सीएनजीची गाडी करासह १२ लाखांना पडली असे धरल्यास अंतर २ लाखांचे उरते; घरच्या विजेवर ते भरून यावयास नऊ वर्षे लागतात, आणि बाहेरच्या विजेवर गाडीच्या आयुष्यात ते भरूनच येत नाही. ज्याला घरी प्लग मिळत नाही, त्याने केवळ पैशासाठी सीएनजी सोडून विजेच्या मागे लागू नये, असा याचा सरळ अर्थ आहे.

हायब्रिडचा हिशेब यापेक्षा संथ आहे. त्याच मोटारीच्या पेट्रोल व हायब्रिड प्रकारांत तीन लाखांचे अंतर धरले, तर करासह ते ३ लाख ३६ हजार होते. आणि वर्षाला १०,००० किलोमीटरवर बचत सुमारे ३४,००० रुपयांची. म्हणजे पावणेदहा वर्षे. वर्षाला २०,००० किलोमीटर फिरणाऱ्या वैद्याला अगर व्यापाऱ्याला मात्र ती पाच वर्षांच्या आत परवडते. तिच्या पदरी एक मोठे पुण्य आहे : तिला प्लग लागत नाही, कोणाची परवानगी लागत नाही, आणि कोकणात गणपतीला जाताना वाटेत चार्जिंगच्या रांगेत उभे राहावे लागत नाही.

या सर्व हिशेबात वर्षाला १०,००० किलोमीटर गृहीत धरले आहेत. आणि उपनगरी कुटुंबाची फसगत नेमकी येथेच होते. येथील नोकरदार माणूस कामावर जातो तो लोकलने. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर ही मेट्रो २०१४ पासून, आणि अंधेरी ते दहिसरचे दोन्ही मेट्रोमार्ग २०२३ च्या आरंभापासून पूर्णपणे चालू आहेत. पुष्कळ घरांतील मोटार त्यामुळे रविवारी, सणावारी, आणि आजारपणात तेवढी बाहेर निघते. अशी गाडी वर्षाला ४,००० किलोमीटरही चालत नाही. वरील उदाहरणात ४,००० किलोमीटर घातले, तर घरच्या विजेवरही अंतर भरून यावयास साडेदहा वर्षे लागतात. कमी चालणारी गाडी कोणत्याही इंधनावर महागच असते. तिला अधिक किमतीची गाडी हा उपाय नव्हे. विजेची मोटार ही रोज फिरणाऱ्याची गाडी आहे. अंधेरीहून ऐरोलीला, बोरिवलीहून ठाण्याला, अथवा मुलुंडहून वांद्रे-कुर्ला संकुलाला रोज मोटारीने जाणे ज्यांना भाग आहे, त्यांच्याच घरी तिचे गुण दिसून येतात.

रोज फिरणाऱ्याला किती वीज लागते? ४० किलोमीटरला सहा-साडेसहा युनिटे. घरातील पाणी तापविण्याच्या गीझरला लागतो तसा १५ अँपिअरचा साधा प्लग ताशी सुमारे ३ युनिटे देतो. म्हणजे रोजची भरपाई दोन-अडीच तासांत होते. भिंतीवर बसविण्याचा मोठा चार्जर असल्यास तासाभरात. रात्रभर उभ्या राहणाऱ्या गाडीला हे काहीच नाही. यंत्रशास्त्राच्या दृष्टीने प्रश्न इतका सोपा आहे. तो अवघड होतो तो जागेच्या दृष्टीने.

घाटकोपर व मुलुंड येथील जुन्या इमारती ज्या काळी बांधल्या गेल्या, त्या काळी बिऱ्हाडांमागे एक मोटारही असेल असे कोणाच्या स्वप्नात नव्हते. तेथील गाड्या रस्त्याच्या कडेला, झाडाखाली उभ्या असतात. अशा घरातील माणसाला विजेची गाडी म्हणजे बाहेरच्या केंद्रावर रांग, दुप्पट दर आणि आठवड्याचा एक अर्धा दिवस. ज्यांच्या इमारतीखाली स्टिल्टमध्ये जागा आहे, ते सुखी खरे. पण त्यांच्याही अडचणी आहेत. स्टिल्टमधील जागा बांधणाऱ्याने स्वतंत्रपणे विकावयाची वस्तू नव्हे, ती सर्व सभासदांची सामायिक आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये दिला, आणि तो दहिसरच्या पांचाली गृहनिर्माण संस्थेच्याच प्रकरणात. जागा सामायिक म्हटली, की तेथे तार ओढण्यास सोसायटीची संमती आली. आदर्श उपविधींप्रमाणे, गाड्या अधिक व जागा कमी असतील तर वर्षाला चिठ्ठ्या टाकून वाटप करावयाचे असते. मग या वर्षी ज्या खांबावर सभासदाने स्वखर्चाने प्लग बसविला, तो खांब पुढील वर्षी शेजाऱ्याच्या वाट्याला जावयाचा! जुन्या संस्थांतून चर्चा तुटते ती बहुधा येथेच.

दुसरी अडचण भाराची. वांद्र्यापासून उत्तरेकडे व घाटकोपरच्या बाजूस बहुतेक घरांना अदाणी इलेक्ट्रिसिटी वीज पुरविते, तर भांडुप-मुलुंडकडे महावितरण. परंतु कंपनी कोणतीही असो, प्रत्येक इमारतीला मंजूर झालेला भार ठराविक असतो. तीस वर्षांपूर्वी पंखे व दिवे यांच्या हिशेबाने घातलेल्या तारांवर आधीच वातानुकूलन यंत्रे चढली आहेत. त्यांवर रात्री नऊ वाजता दहा मोटारी एकदम लावल्या, तर मीटरच्या खोलीतील फ्यूज आपले मत व्यक्त केल्यावाचून राहणार नाही. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून खाली सोडलेली वायर हा तर उपाय नव्हेच. तो अपघाताला आमंत्रण देणारा प्रकार होय. जोडणी भूसंपर्कासह, गळती होताच प्रवाह तोडणाऱ्या स्विचसह, आणि परवानाधारक माणसाकडूनच झाली पाहिजे.

या अडचणींना उत्तरे नाहीत असे नाही. आपल्या घरच्या अथवा कचेरीच्या वीजजोडणीवर गाडी भरण्यास केंद्र सरकारच्या २०१८ पासूनच्या मार्गदर्शक सूचनांनी मोकळीक दिलेली आहे. राज्यात चार्जिंगसाठी विजेचा स्वतंत्र दरवर्ग असून वेगळे मीटर घेता येते. सर्वांत शहाणपणाचा मार्ग असा, की एकेका सभासदाने एकेक तार ओढण्याऐवजी संस्थेने एकदाच भार वाढवून घ्यावा, एक मीटर घ्यावे, आणि सोयीच्या भिंतीलगत चार-सहा प्लग बसवून ज्याने जितकी वीज घेतली त्याच्याकडून तितके पैसे घ्यावेत. मग चिठ्ठीत कोणाला कोणती जागा आली, याने बिघडत नाही; आणि ज्यांच्याकडे मोटार नाही त्यांच्यावर खर्चही पडत नाही. रात्री सर्व गाड्या एकदम न भरता पाळीपाळीने भरणारी साधनेही मिळतात. ज्या इमारतींचा पुनर्विकास व्हावयाचा आहे, त्यांच्या सभासदांनी तर करारावर सही करण्यापूर्वीच प्रत्येक जागेपर्यंत नळी व भार यांची तरतूद लिहून घ्यावी. भिंत बांधताना जे काम हजारांत होते, ते बांधून झाल्यावर लाखांत जाते.

लोकांच्या मनात आणखी काही शंका असतात. पहिली पावसाची, आणि ज्या उपनगराने २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस मोजलेला पाहिला, तेथे ती स्वाभाविक आहे. मोटारीची बॅटरी सामान्यतः अशी बंद केलेली असते, की एक मीटर पाण्यात अर्धा तास राहिली तरी आत पाणी शिरू नये. ही परीक्षा बॅटरीची आहे, चालकाच्या धाडसाची नव्हे. अंधेरी किंवा मिलन सबवेत पाणी भरले असता कोणतीच गाडी त्यात घालू नये. आणि एखादी विजेची गाडी पुरात बुडालीच, तर ती चालू न करता ओढून कार्यशाळेत न्यावी. दुसरी शंका बॅटरीच्या आयुष्याची. आठ वर्षे अथवा १,६०,००० किलोमीटर यांपैकी जे आधी येईल तेथवर हमी देण्याचा प्रघात पडला आहे. बॅटरी एकाएकी मरत नाही. माणसाच्या डोळ्यांप्रमाणे ती हळूहळू मंदावते. जुनी गाडी विकताना मात्र तिची किंमत पेट्रोलच्या गाडीपेक्षा लवकर उतरते, हे हिशेबात धरावे.

तिसरी शंका धुराची, आणि ती अधिक खोल आहे. या गाडीचा धूर नाहीसा होतो, की केवळ दुसरीकडे जातो? देशातील विजेचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग कोळशापासून होतो, आणि उपनगरांना वीज देणाऱ्या केंद्रांत डहाणूचे औष्णिक केंद्र आहेच. तेव्हा गाडीला धुराडे नाही म्हणून धूर नाही, असे म्हणणे खरे नव्हे. पण विजेचे यंत्र शक्तीची उधळपट्टी करीत नसल्याने एकंदर धूर कमी होतो. आणि जो होतो, तो मुलांच्या शाळेसमोर, बसच्या रांगेत, नाकाच्या उंचीवर सोडला जात नाही. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये शहराच्या हवेची दखल घेतली, आणि पेट्रोल व डिझेलच्या गाड्या टप्प्याटप्प्याने बंद करता येतील काय, याचा विचार करण्यासाठी राज्य सरकारने त्याच महिन्यात समिती नेमली. प्रश्न केवळ घरगुती काटकसरीचा उरलेला नाही.

या बाबतीत उपनगरांनी एकदा धडा गिरविलेला आहे. महानगर गॅसची स्थापना १९९५ मध्ये झाली. १९९९ नंतर उच्च न्यायालयाच्या आदेशांनी टॅक्सी व रिक्षा सीएनजीकडे वळू लागल्या. सुरुवातीस पंप थोडे आणि रांगा लांब, म्हणून कुरकुर झाली. पुढे पंप वाढले, इंधन स्वस्त पडते असा अनुभव आला, आणि रिक्षावाल्यांपाठोपाठ सामान्य कुटुंबांनीही सिलिंडर बसवून घेतले. लोकांनी इंधन बदलले ते उपदेशाने नव्हे. पुरवठा जवळ आला तेव्हा बदलले. विजेच्या मोटारीचा पंप मात्र हमरस्त्यावर नसून इमारतीच्या आवारात आहे, एवढाच फरक. आणि तो उघडावयाचा की नाही, हे मंत्रालयात जितके ठरते तितकेच सोसायटीच्या वार्षिक सभेत ठरते.

तात्पर्य, मोटार घेऊ पाहणाऱ्याने प्रश्नांचा क्रम बदलावा. दुकानदार प्रथम किंमत सांगतो, मग मायलेज, आणि चार्जिंगचे ‘नंतर पाहू’ म्हणतो. गिऱ्हाइकाने प्रथम जागा पाहावी, मग वर्षाचे किलोमीटर मोजावेत, आणि शेवटी किंमत विचारावी. घरी प्लग आहे व रोजचे जाणेयेणे मोटारीने आहे, त्याने विजेची गाडी घेण्यास हरकत नाही. प्लग नाही पण फिरणे फार आहे, त्याने सीएनजी अथवा हायब्रिडचा विचार करावा. आणि ज्याची गाडी आठवड्यातून एकदाच निघते, त्याने आहे तीच आणखी काही वर्षे नीट वापरावी. त्याची खरी विजेची गाडी स्टेशनात दर चार मिनिटांनी येतेच आहे. राहिला तो रस्त्याकडेला गाडी उभी करणारा. ज्यांना आवार आहे त्यांनाच स्वस्त वीज, आणि ज्यांना नाही त्यांना दुप्पट दर, ही स्थिती फार काळ चालू देणे योग्य नाही. महापालिकेची वाहनतळे व रस्त्याकडेचे दिव्यांचे खांब यांचा उपयोग त्याच्यासाठी झाला पाहिजे. तोवर ज्यांच्या हाती आवार आहे, त्यांनी पुढील वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर एक ओळ वाढवावी. गाडी दोन वर्षांनी घेतली तरी चालेल. तार आधी आलेली बरी.